सुटका केलेल्या जनावरांसाठी गावाकडे आश्रयस्थान: किती जनावरं, काय बांधायचं, कुठे बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावाकडे पाच एकर जमीन, एक विहीर, जाऊन-येऊन वीज. उपासमारीतून, अपघातातून, कोंबून नेणाऱ्या वाहनांतून सोडवलेल्या गाई-बैल, शेळ्या, गाढवं आणि थोडी कुत्री यांना कायमचं घर द्यायचंय. किती जनावरं ठेवता येतील, बांधकाम कसं करावं आणि पहिल्या वर्षात कशाची तयारी ठेवावी?

जनावरांची संख्या आधी ठरवायची, आणि ती वर्षातल्या सगळ्यात वाईट दोन महिन्यांवरून ठरवायची. पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब असते, बांधावर गवत असतं, त्या वेळी पन्नास जनावरंही पोसता येतील असं वाटतं. पण जनावर कडक उन्हाळ्यातही तिथेच असतं. आश्रयस्थानं बंद पडतात ती बहुतेक वेळा प्रेम कमी पडलं म्हणून नाही. क्षमतेपेक्षा जास्त जनावरं घेतली म्हणून पडतात. मग आधी चारा कमी होतो, मग आजार वाढतात, मग माणसं सोडून जातात. तोवर आत असलेल्या सगळ्यांचेच हाल सुरू झालेले असतात.

पाण्यापासून सुरुवात करा, कारण पाणी विकत आणून हे काम वर्षानुवर्षं चालत नाही. विहिरीला किती पाणी येतं ते अंदाजाने सांगू नका, मोजा. उन्हाळ्याच्या शेवटी संध्याकाळी पंप बंद केल्यावर पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि २४ तासांत पाणी किती वर चढलं ते पाहा. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी १० सेंटीमीटर चढलं, तर सुमारे २,८०० लिटर पाणी आलं. आता खर्च बघा. मोठी गाय गरमीत ६० लिटरपर्यंत पाणी पिते. गव्हाण, जमीन धुणं धरून माणशी धरतो तसं गाईमागे १०० लिटर धरा. शेळीमागे १२, गाढवामागे ३०, कुत्र्यामागे खोली धुण्यासह २० लिटर, तिथे राहणाऱ्या माणसामागे १००. म्हणजे २० गाई, २० शेळ्या, ६ गाढवं, १५ कुत्री आणि ४ माणसं यांना दिवसाला ३,१०० लिटरच्या आसपास लागतात. पंप जळाला किंवा वीज गेली तर तीन दिवस निभावता यावं म्हणून दहा हजार लिटरची टाकी उंचावर हवी. सौर पंप बसवला तरी टाकी हवीच. पंप बिघडतो तो सुट्टीच्या दिवशी, आणि गाईला पाण्याशिवाय ठेवण्याची मुदत काही तासांची असते.

चाऱ्याचा हिशोब इतकाच सरळ आहे. गाईला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के शुष्क पदार्थ रोज लागतो, म्हणजे पाणी वजा जाता उरलेला चारा. ४०० किलोच्या गाईला साधारण १० किलो. त्यातला निम्मा सुक्या वैरणीतून दिला तर ५–६ किलो वैरण, आणि उरलेला निम्मा हिरव्यातून दिला तर २०–२५ किलो हिरवा चारा, कारण हिरव्या चाऱ्यात जवळजवळ ८० टक्के पाणीच असतं. २० गाईंना वर्षाकाठी ४४ टन वैरण आणि १४५ टनांहून जास्त हिरवा चारा. बागायती संकरित नेपियर गवताचं एकरी ५०–६० टन उत्पन्न धरलं, तर अडीच-तीन एकर चाऱ्याखाली गेले.

इथे बहुतेकांचं गणित फसतं. एकरभर नेपियरला उन्हाळ्यात रोज १५–२० हजार लिटर पाणी लागतं. जी विहीर जनावरांची तहान जेमतेम भागवते, ती तीन एकर चारा जगवू शकत नाही. उन्हाळ्यात हिरवा चारा आटणार हे गृहीत धरून, भरभराटीच्या महिन्यांत जास्तीचा चारा मुरवून किंवा वाळवून ठेवावाच लागतो. मूरघासासाठी मका किंवा ज्वारी दाणा चिकात असताना कापा, दोन सेंटीमीटरची कुट्टी करा, खड्ड्यात थर देऊन ट्रॅक्टरने दाबा आणि हवा राहणार नाही असं झाका. एका घनमीटरात ५०० ते ६०० किलो बसतो, ४५ दिवसांनी उघडता येतो. उघडल्यावर रोज पूर्ण रुंदीवरून किमान १५ सेंटीमीटर जाडीचा थर निघाला पाहिजे, नाहीतर तोंडाशी बुरशी धरते. म्हणून लहान कळपाला एका मोठ्या खड्ड्यापेक्षा दोन अरुंद खड्डे किंवा हवाबंद पिशव्या बऱ्या. बुरशी लागलेला भाग गाईलाही घालू नका आणि गाढवाला तर मूरघास देऊच नका.

सुकी वैरण किमान चार महिने पुरेल एवढी साठवा. गंजी गोठ्यापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून, आणि एकाच ठिकाणी सगळी न रचता दोन-तीन गंज्या करा. ओलसर गवताचे भारे रचले तर आतून तापतात आणि स्वतःहून पेट घेऊ शकतात. भाऱ्यात हात घालून ऊब लागली तर तो लगेच बाहेर काढून मोकळा करायचा.

आता पाच एकरांचं उत्तर: एक एकर गोठे, आवार, विलगीकरण, शेणखत आणि दफनासाठी, अडीच-तीन एकर चारा, उरलेल्यात मोकळं फिरणं. यात सुमारे २० मोठी जनावरं आणि त्यांच्यासोबत थोडी लहान, एवढीच पूर्ण क्षमता. सुरुवात ८–१० मोठ्या जनावरांनी करा आणि पुढेही दोन-तृतीयांशांवर थांबा. उरलेली जागा मोकळी दिसली तरी ती भरलेलीच समजायची, कारण कुठेतरी ट्रक पकडला जातो आणि एका रात्रीत सहा जनावरं दारात येतात. शिवाय आलेल्यांपैकी काही गाभण निघतात.

विलगीकरण कक्ष मुख्य गोठ्याच्या आधी बांधा. हा क्रम मोडू नका. तो मुख्य गोठ्यापासून किमान ३०–४० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, म्हणजे तिथलं सांडपाणी निरोगी जनावरांकडे वाहत येणार नाही. त्याची बादली, दावी, फावडं, झाडू, गमबूट सगळं वेगळं, आणि त्यावर एकच ठरावीक रंग मारलेला, म्हणजे लांबूनही कळतं की लाल बादली चुकीच्या गोठ्यात आली आहे. काम करणाऱ्याने आधी निरोगी जनावरं उरकायची, विलगीकरण सगळ्यात शेवटी. दुसरा माणूस ठेवता आला तर उत्तम. मुदत किमान ३० दिवस. मध्येच नवं जनावर त्याच कक्षात आलं तर सगळ्यांची मोजणी पुन्हा एकपासून. ही अट जाचक वाटते आणि नेमकी तीच मोडली जाते.

या महिन्यात काय काय करायचं: पहिल्या दिवशी फोटो (दोन्ही बाजू, तोंड, जखमा), कानातला बिल्ला, छातीचा घेर मोजून अंदाजे वजन, ताप, शेणाची तपासणी, रक्ताचा थेंब काचेवर घेऊन गोचीडतापाची तपासणी. गाईंची क्षय आणि ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा संसर्गजन्य रोग) यांसाठी चाचणी. क्षयाच्या त्वचा-चाचणीत टोचल्यानंतर ७२ तासांनी कातडीची जाडी पुन्हा मोजतात, म्हणजे डॉक्टरांना दोनदा यावं लागतं. ते आधीच ठरवून घ्या. अगदी खंगलेल्या जनावराची चाचणी खोटी ‘नाही’ दाखवू शकते, म्हणून अंग धरल्यावर ती पुन्हा करावी. लसीकरण तुमच्या भागातल्या रोगांप्रमाणे: लाळ-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, शेळ्यांना पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार, गाढवांना धनुर्वात. पण तापात असलेल्या किंवा उभं राहता येत नसलेल्या जनावराला आल्या आल्या लस टोचू नका. शरीरात ताकद नसेल तर लसीला प्रतिसादच मिळत नाही.

उपाशी जनावर आलं की माणसाचा हात सैल सुटतो आणि तिथेच जनावर दगावतं. बरगड्या दिसणारी गाय, गूळ-पेंड-भरड्याचं भरलेलं घमेलं, आणि दुसऱ्या दिवशी ती आडवी पडते. याला दोन कारणं आहेत. पोटात बऱ्याच दिवसांत धान्य गेलेलं नसतं, म्हणून ते पचवणारे जिवाणू तयार नसतात. अचानक आलेलं धान्य आंबतं, पोट आम्लधर्मी होतं, जनावर दात खातं, पातळ हगतं, खाली बसतं. दुसरं कारण दिसत नाही आणि उशिरा मारतं: पिठूळ अन्न मिळालं की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये खेचलं जातं, आणि तीन ते सात दिवसांत हृदय आणि श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. घोडे-गाढवांत हे विशेष दिसतं.

म्हणून पहिले तीन दिवस फक्त चांगलं, मऊ सुकं गवत, गरजेच्या निम्मं, पण सहा वेळा विभागून, दर चार तासांनी. लसूणघासाचं वाळलेलं गवत मिळालं तर घोडे-गाढवांसाठी तेच सगळ्यात चांगलं, कारण त्यात पिष्ट कमी आणि खनिजं जास्त. पाणी मोकळं, पण फार तहानलेलं असेल तर पहिला तास थोडं थोडं. चौथ्या दिवसापासून मात्रा वाढवत दहाव्या दिवसापर्यंत पूर्ण गवत. खुराक दुसऱ्या आठवड्यानंतर, तोही पाव किलोपासून, आणि १०–१४ दिवसांत हळूहळू वाढवत. खनिज मिश्रण गाईला रोज ३०–५० ग्रॅम. जंतनाशकही पहिल्या दिवशी न देता जनावर खायला लागल्यावर, डॉक्टरांना विचारून द्या.

खुराकाच्या पोत्यांबद्दल एक इशारा, कारण इथे एका चुकीने जीव जातो. काही गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, पण घोड्या-गाढवाच्या हृदयाला ते थोड्या मात्रेतही घातक आहे. युरिया मिसळलेला चारा रवंथ न करणाऱ्यांसाठी नाही. गाईंचं तांबंयुक्त खनिज मिश्रण मेंढीला दिलं तर तांबं यकृतात साठत राहतं आणि एक दिवस लाल लघवी होऊन मेंढी मरते. म्हणून प्रत्येक जातीचं खाद्य वेगळ्या झाकणाच्या पिंपात, पिंपावर त्या प्राण्याचं चित्र. अक्षरापेक्षा चित्र बरं, कमी उजेडातही चूक होत नाही.

शहरातून आलेल्या गाईंच्या पोटात प्लास्टिक असतंच असं धरून चला. वारंवार पोट फुगणं, रवंथ कमी होणं, शेण थोडं आणि चिकट, डाव्या कुशीत दाबल्यावर कणकेसारखा खड्डा राहणं ही लक्षणं. औषधाने प्लास्टिक विरघळत नाही. पोट उघडून काढावं लागतं. पण ती शस्त्रक्रिया आल्या आल्या न करता जनावराने थोडं अंग धरल्यावर केली तर वाचण्याची शक्यता वाढते.

गोठ्याचं बांधकाम साधं ठेवा. गरम प्रदेशात गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे दुपारचं ऊन आत कमी येतं. मोठ्या गाईला किमान साडेतीन-चार चौरस मीटर छपराखाली आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार; आश्रयस्थानात म्हाताऱ्या, लंगड्या, आंधळ्या गाई असतात आणि त्यांना दुबळं बघून ढकलणाऱ्याही असतात, म्हणून मी याच्या दीडपट धरायला सांगेन. गव्हाणीला डोक्यामागे ६०–७५ सेंटीमीटर जागा. जमिनीला दर ४०–५० सेंटीमीटरला एक सेंटीमीटर उतार आणि खाचा पाडलेलं काँक्रीट फक्त गव्हाणीजवळ; बसायची जागा मुरूम-वाळूची असू द्या. गुळगुळीत फरशीवर घसरलेल्या गाईचे मागचे पाय फाकले की ती बहुधा परत उठत नाही. खुंट्याला बांधून ठेवण्याची सवय शक्यतो मोडा. मोकळ्या जनावरांना खुरांचा, सांध्यांचा त्रास कमी होतो आणि आजारी कोण आहे ते चालण्यावरून कळतं.

कुंपणाला काटेरी तार नको. शेळ्यांना १.२ मीटर उंच विणलेली जाळी. भोकं मोठी असतील तर शिंगं अडकून शेळी रात्रभर लटकते. कुत्र्यांना १.८ मीटर, वर आतल्या बाजूला झुकलेली, आणि खाली ३०–४५ सेंटीमीटर जमिनीत पुरलेली जाळी, कारण ती उकरतात. कुत्री आणि शेळ्या एका कुंपणात कधीही नाहीत, कुत्रं कितीही गरीब असलं तरी. गाढव एकटं ठेवू नका. त्यांच्या जोड्या असतात. जोडीदार गेला की दुसरं खाणं सोडतं, आणि गाढवाने खाणं सोडलं की शरीरातली चरबी रक्तात उतरून यकृत बिघडतं. ते दोन दिवसांतही जीव घेऊ शकतं. एक मेलं तर दुसऱ्याला मृतदेहाजवळ काही वेळ उभं राहू द्यावं, त्याने ते शांत होतं असा अनुभव आहे. गाढवांचे खूर सहा ते आठ आठवड्यांनी कापायचे, दात वर्षातून एकदा तपासायचे. चघळून टाकलेले गवताचे गोळे जमिनीवर दिसले तर दात दुखताहेत असं समजा.

खाली बसलेल्या, उठू न शकणाऱ्या गाईबद्दल सविस्तर लिहितो, कारण अशा जागी हा प्रसंग सतत येतो आणि पहिल्या काही तासांतच निकाल लागतो. कारण काहीही असो, कॅल्शियमची कमतरता, मार, अशक्तपणा, पण चारशे किलोचं वजन एकाच मांडीवर कठीण जमिनीवर सहा-बारा तास राहिलं की त्या मांडीचे स्नायू आणि नसा चेपून मरतात. मग मूळ आजार बरा झाला तरी गाय उठत नाही. म्हणून डॉक्टर येण्याआधीच काम सुरू करायचं. तिला कठीण जमिनीवरून हलवा. ओढायचीच वेळ आली तर जुन्या दारावर किंवा जाड ताडपत्रीवर घेऊन ओढा, पायाला किंवा मानेला दोर बांधून नाही. खाली २५–३० सेंटीमीटर वाळू किंवा मातीवर जाड गवत. ती छातीवर बसली पाहिजे. आडवी झाली तर पोट फुगतं आणि पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. गवताने भरलेली पोती खांद्याला आणि कुशीला लावून तिला टेकू द्या.

दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, रात्रीही. दोघं लागतात: एक म्होरकी धरून डोकं दुसऱ्या बाजूला वळवतो, दुसरा कंबरेच्या हाडाला ढकलून वजन पलीकडच्या मांडीवर नेतो आणि खाली आलेला पाय नीट दुमडून ठेवतो. ज्या पायावर ती बसली होती तो दोन मिनिटं चोळायचा. मागचे पाय फाकत असतील तर खुरांच्या वर मऊ पट्ट्याने दोन्ही पाय दीड-दोन फुटांचं अंतर ठेवून जोडा. पाणी तोंडाशी, बादली जुन्या टायरमध्ये बसवून, म्हणजे लवंडणार नाही. कॅल्शियम शिरेतून देणं हे डॉक्टरांचंच काम. ते भराभर गेलं तर हृदय थांबतं. कंबरेच्या चिमट्याने उचलायचं असेल तर १०–१५ मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि छातीखाली पट्टा हवाच. उचलल्यावर तिने पायांवर भार घेतला नाही, नुसतीच लटकली, तर लगेच खाली ठेवा. रोज एका वहीत लिहा: खाते का, उठायचा प्रयत्न करते का, कान उभे आहेत का. खाणारी, प्रयत्न करणारी गाय दहा दिवसांनीही उठू शकते. जी आडवी पडून आहे, खात नाही, जिच्या जखमा हाडापर्यंत गेल्या आहेत, तिला तसंच ठेवणं म्हणजे दया नाही. वेदनामुक्त मरण देण्याचा निर्णय कोण घेणार, किती डॉक्टरांच्या मताने, आणि तिथला कायदा काय सांगतो, हे शांत वेळी कागदावर लिहून ठेवा. त्या रात्री भावनेच्या भरात ते ठरवता येत नाही.

जंतांसाठी दर तीन महिन्यांनी सगळ्यांना औषध पाजण्याची पद्धत सोडा. त्याने औषधाला न जुमानणारे जंत तयार होतात आणि मग शेळ्या हातात राहत नाहीत. शेळ्या-मेंढ्यांत रक्त पिणारा जंत मुख्य. खालची पापणी उलटून आतला रंग बघा. लालभडक असेल तर औषध नको, पांढुरकी दिसली तर त्याच दिवशी द्या. यासाठी पाच रंगांचं फॅमाचा कार्ड असतं. ओल्या हंगामात दर दोन आठवड्यांनी बघायचं. प्रत्येक शेळीचा आकडा लिहिला की तीन-चार शेळ्याच सारख्या अशक्त निघतात आणि औषध तेवढ्यांनाच लागतं. औषधाची मात्रा वजन करून. अंदाजाने कमी दिली तर तोच दोष पुन्हा. गोचीड फक्त जनावराच्या अंगावरून काढून संपत नाहीत, अंडी भिंतींच्या फटीत असतात. फटी बुजवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं.

पैदास होऊ द्यायची नाही. जन्मलेलं प्रत्येक वासरू एका सुटका होऊ शकणाऱ्या जनावराची जागा घेतं. बोकड तीन-चार महिन्यांचा झाला की शेळीला गाभण करू शकतो, इतक्या लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. खच्चीकरणानंतरही सहा आठवडे नर वेगळे ठेवा, तोवर धोका असतो. कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीजची लस विलगीकरणातून बाहेर येण्याआधी. पिल्लांना पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग) झाला तर तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो; आधी साबणाने घाण पूर्ण धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवर ओतलेलं ब्लीच निकामी होतं. काम करणाऱ्या सगळ्यांना रेबीजची पूर्व-प्रतिबंधक लस आणि धनुर्वाताची लस द्या. चावा घेतला तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुणं आणि मग दवाखाना, लस आधी घेतलेली असली तरी. गर्भपात झालेल्या गाईची वार (झार) किंवा वासरू उघड्या हाताने उचलू नका, ब्रुसेलोसिस माणसाला होतो.

शेणाचं नियोजन लोक शेवटी करतात. एक गाय रोज १०–१५ किलो शेण टाकते. वीस गाईंचं रोज दोन-तीनशे किलो. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला सात-दहा दिवस लागतात, म्हणून कुठलाही ढीग त्याआधी हलवला किंवा झाकला गेला पाहिजे. नाहीतर जखमांमध्ये अळ्या पडतात आणि त्याच कामात अर्धा दिवस जातो. खताचा ढीग आत ५५ अंशांवर काही दिवस राहिला की जंतांची अंडी मरतात. कच्चं शेण चराऊ कुरणात टाकू नका. २५ किलो शेणापासून सुमारे एक घनमीटर गोबरगॅस मिळतो, स्वयंपाकघराचा इंधनखर्च त्यात निघतो.

मृतदेहासाठी खड्डा पावसाळ्याआधीच एक-दोन खणून कुंपण घालून ठेवा; चिखलात यंत्र येत नाही. अडीच मीटर खोल, वर किमान एक मीटर माती, विहिरीपासून किमान १०० मीटर आणि तिच्या खालच्या अंगाला, तळ भूजलाच्या वर. अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून न गोठणारं काळसर रक्त येत असेल तर काळपुळीचा संशय धरून मृतदेह उघडू नका, ओढू नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. त्या रोगाचे बीजाणू मातीत कित्येक दशकं जगतात. जिथे गिधाडं आहेत तिथे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक वापरूच नका. ते टोचलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. वेदनेसाठी मेलोक्सिकॅम आहे.

माणसं किती लागतात? निरोगी वीस-पंचवीस मोठ्या जनावरांमागे एक पूर्णवेळ, आजारी दहांमागे एक, आणि रात्री कायम एक. स्वयंसेवक येतात-जातात, त्यांच्यावर रोजचा चारा-पाणी सोपवू नका. आठवड्याची सुट्टी आणि पगार वेळेवर नसतील तर अनुभवी माणूस टिकत नाही, आणि रवंथ थांबलेली ओळखणारा डोळा नव्या माणसाला यायला वर्ष जातं.

पैशांबाबत: बांधकामाला मदत मिळते, सुटकेच्या फोटोला मिळते, दहाव्या वर्षीच्या वैरणीला मिळत नाही. गाय वीस वर्षं जगू शकते, गाढव तीसहून जास्त. म्हणून नवं जनावर घेण्याआधी सहा महिन्यांचा पूर्ण खर्च वेगळ्या खात्यात असावा आणि तो सहापेक्षा कमी झाला की दार बंद, अपवाद नाही. नाही म्हणताना मात्र हात रिकामा ठेवू नका: चारा द्या, डॉक्टरांचा खर्च उचला, दुसऱ्या घराचा पत्ता द्या. पुष्कळदा मालकाला जनावर टाकायचं नसतं, उपचार परवडत नसतात. फाटकाबाहेर रात्री जनावरं बांधून जाणारे असतातच. पूर्ण पत्ता सगळीकडे जाहीर करू नका, भेटीची वेळ ठरवून द्या, फाटकाला कॅमेरा लावा आणि फाटकाजवळच विलगीकरणाचा एक छोटा कप्पा ठेवा, म्हणजे असं आलेलं जनावर थेट आत जाणार नाही.

जमीन संस्थेच्या नावावर किंवा दीर्घ भाडेकरारावर असावी, एका माणसाच्या नावावर नको. वारसांचा वाद झाला तर जनावरांना कुणी विचारत नाही. आणि संस्था बंद करायची वेळ आली तर कुठली जनावरं कुठे जाणार याचा लेखी करार दोन-तीन आश्रयस्थानांशी आधीच करून ठेवा. त्यात कोणती गाढवं जोडीने पाठवायची आणि कुठली आंधळी गाय कुठल्या गाईमागे चालते, हेही लिहा, आणि ती यादी दर सहा महिन्यांनी नव्याने तपासा.